ती कविता राहू दे

कोपरी, ठाणे (पूर्व)

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुला नको ते बोललो. कॉलेजच्या भित्तिपत्रकावरची सरकारविरोधी कविता आधी काढ म्हणालो. वर 'फौजीच्या पोराला हे शोभत नाही' असंही सुनावलं. तू काही न बोलता फोन ठेवलास. तेव्हापासून मला झोप नाही.

मग तुझ्या कपाटातलं सोल्झेनित्सिन या रशियन लेखकाचं पुस्तक वाचायला घेतलं. हा माणूस माझ्यासारखाच तोफखान्यातला! शत्रूच्या तोफेच्या आवाजावरून तिची जागा हुडकणाऱ्या तुकडीचा कॅप्टन, पदकं मिळवलेला. मित्राला लिहिलेल्या पत्रांत त्याने स्टालिनवर टीका केली. पत्रं वाचली गेली आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये, पूर्व प्रशियात लढाई चालू असतानाच, त्याला धरलं. शिक्षा आठ वर्षांची.

त्याच्या खांद्यावरच्या पट्ट्या उपटल्या, तिथे मी पुस्तक मिटून बसलो. त्या खांद्यावर यायला काय लागतं ते मला ठाऊक आहे रे. पण त्याच्या कर्नलने त्याला माघारी बोलावलं. अमुक आघाडीवर तुझा कोणी मित्र आहे का, असं विचारून अटकेचं कारण कळेल अशी खूण दिली, आणि पकडायला आलेल्यांच्या देखत त्याचा हात हातात घेतला. त्या एका हस्तांदोलनापायी कर्नलचीही मान अडकली असती. मी तर तुझा बाप, आणि तुझं ऐकूनही घेतलं नाही.

तुरुंगात लिहिलेलं जवळ ठेवता येईना, तेव्हा तो कविता डोक्यात रचू लागला. लिथुआनियाच्या कैद्यांनी त्याला पावाच्या मण्यांची माळ करून दिली, दर दहावा मणी वेगळ्या आकाराचा. तुझी आजी जप करायची, तशा तो ओळी मोजायचा. शिक्षा संपेतो बारा हजार ओळी पाठ होत्या.

काल कोर्टनाक्याला काम होतं. तुरुंगाच्या भिंतीकडेने चालत आलो. लहानपणी तू तिथे विचारलं होतंस, बाबा, आत कोण असतं? मी म्हणालो, चोर. अनंत कान्हेरेंना १९१० साली तिथेच फाशी दिलं, हे माहीत असून तसं म्हणालो.

कविता काढली नसशील तर राहू दे. काढली असलीस तर कागदावर लिहून मला पोस्टाने पाठव. मी पाठ करतो.

तुझे,
बाबा