आरिफ खानचा 45वा क्रमांक

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बीजिंगच्या 2022च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये 13 फेब्रुवारीला काश्मीरचा स्कीपटू आरिफ खान जायंट स्लॅलममध्ये, म्हणजे बर्फाच्या उतारावर रोवलेल्या खांबांमधून वळणं घेत उतरायच्या शर्यतीत, 45वा आला. आपल्या अंकात ही बातमी आतल्या पानावर चार ओळींत होती आणि मथळ्यात ‘निराशा’ असा शब्द होता. तो शब्द मनाला लागला, म्हणून हे पत्र.

सैन्यात असताना मी तीन हिवाळे गुलमर्गला काढले. स्की पायात बांधल्या तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि पहिला आठवडा पडण्यातच गेला. तिथली सात-आठ वर्षांची पोरं मात्र आमच्या शेजारून सरसर खाली जायची. त्यांतला एक मुलगा अजून डोळ्यांपुढे आहे. अंगात फिरन (काश्मिरी लांब, ढगळ अंगरखा), पायात थोरल्या भावाचे बूट, पुढं चिंध्या कोंबलेल्या. लिफ्टला पैसे नसायचे. स्की खांद्यावर टाकून तो उतार चढायचा, आम्ही सरावासाठी रोवलेल्या बांबूंमधून वळणं घेत खाली यायचा, की पुन्हा वर. एकदा मी घड्याळ लावून त्याला वेळ सांगितली. दुसऱ्या दिवसापासून रोज दारात उभा, ‘साब, टाइम देखो!’ दिवेलागणीला वडिलांच्या हाका यायच्या, तेव्हा कुठं घरी जायचा.

आरिफही याच डोंगरातला. वडिलांचं गुलमर्गला स्कीचं दुकान, आणि हा चार वर्षांचा असल्यापासून बर्फावर. पैसे न जमल्यामुळं 2018च्या ऑलिम्पिकची संधी हुकली. या वेळी पात्रतेच्या तयारीसाठी त्यानं लग्न पुढं ढकललं.

जायंट स्लॅलममध्ये दोन फेऱ्यांच्या वेळांची बेरीज करून निकाल लागतो. एक गेट, म्हणजे खांबांमधली ठरलेली वाट, चुकलं की संपलं. क्रमवारीतले वरचे आधी सुटतात. मागच्याच्या वाट्याला त्यांनी खरवडून चर पाडलेला उतार येतो, आणि आरिफ मागच्यांत होता. त्यात त्या दिवशी एकसारखा बर्फ पडत होता, पुढचं गेट धड दिसत नव्हतं. कितीतरी जण पहिल्याच फेरीत बाद झाले. आरिफ दोन्ही फेऱ्या पुऱ्या करून खाली आला. 16 तारखेला स्लॅलममध्ये, म्हणजे जवळजवळ रोवलेल्या गेटांच्या शर्यतीत, त्याचं गेट हुकलं, हेही खरं. पण एकाच हिवाळी ऑलिम्पिकमध्ये दोन प्रकारांना थेट पात्र ठरलेला तो पहिला भारतीय आहे, आणि या वेळी भारताचा एकटा खेळाडू.

मनालीजवळच्या आंचल ठाकूरनं 2018 साली तुर्कस्तानात स्लॅलमचं कांस्य जिंकलं, तेव्हाही आमच्या वाचनालयात कुणाला पत्ता नव्हता. गुलमर्गला 2020पासून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा होतात. त्यांचे निकाल तरी छापावेत ही विनंती. आणि पुढच्या वेळी क्रमांकाबरोबर किती जण सुटले व किती जण खाली पोहोचले, हेही द्यावं.

आपला,
एक निवृत्त सुभेदार
कोरेगाव, जि. सातारा