पर्याय एकाच खुंटीला टांगलेले नकोत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात माझा मोबाइल पाण्यात पडून बंद झाला. ही काही वर्तमानपत्राला कळवण्याजोगी घटना नव्हे. परंतु त्यानंतरच्या दोन-तीन तासांत जे ध्यानात आले, ते इतरांच्याही उपयोगी पडेल असे वाटल्याने हे पत्र लिहीत आहे.

मी स्वतःला सावध माणूस समजत होतो. कागदपत्रे आणि दूरध्वनी क्रमांक यांच्या प्रती मी ई-मेलमध्ये जपून ठेवल्या होत्या. सहकाऱ्याच्या संगणकावरून तो ई-मेल उघडायला गेलो, तर ओळख पटवण्यासाठी ओटीपी मागण्यात आला आणि तो अर्थातच त्या बंद मोबाइलवर गेला. घरी कळवावे म्हणून सहकाऱ्याचा फोन हातात घेतला, तर पत्नीचा क्रमांक पहिल्या चार आकड्यांपुढे आठवेना. लहानपणी पाठ केलेला घरचा जुना क्रमांक मात्र घडाघडा आठवला. तो बंद होऊन कित्येक वर्षे लोटली आहेत.

म्हणजे माझ्याकडे दोन व्यवस्था आहेत असे मी ज्याला म्हणत होतो, ती प्रत्यक्षात एकच व्यवस्था होती. 28 एप्रिल 2025 रोजी स्पेन आणि पोर्तुगालमध्ये वीजपुरवठा कोलमडला, तेव्हा कार्ड चालत नाही म्हणून मोबाइलने पैसे द्यावेत, तर बहुतेक ठिकाणी तेही जमेना, कारण दोन्हींच्या मुळाशी वीजच होती. ज्यांच्या खिशात रोख रक्कम होती, त्यांचे व्यवहार त्या मानाने कमी अडले. त्यामुळे पर्याय किती आहेत हे मोजण्यापेक्षा, मूळ व्यवस्था ज्या कारणाने बंद पडेल त्याच कारणाने पर्यायही बंद पडणार नाही ना, हे आधी तपासायला हवे. घराची दुसरी किल्ली घरातल्याच कपाटात असेल, तर ती दुसरी किल्ली नव्हेच. घरातील औषधांच्या वेळा एकाच व्यक्तीला ठाऊक असतील, तर ती व्यक्ती आजारी पडताच सगळेच अडते.

यासाठी फार खटाटोप लागत नाही. चार-पाच क्रमांक कागदावर लिहून ठेवता येतात. अनेक ऑनलाइन सेवा मोबाइल हाताशी नसताना वापरण्यासाठी एकेकदाच चालणारे राखीव कोड आधीच देतात. ते छापून ठेवता येतात, मात्र त्यासाठी मोबाइल चालू असतानाच वेळ काढावा लागतो. सुट्टीच्या दिवशी तासभर मोबाइल बंद ठेवून एखादे नेहमीचे काम करून पाहिले, तर पर्याय खरोखर चालतो की केवळ मनाचे समाधान आहे, हे कळते.

मीही असा कागद तयार करून पाकिटात ठेवला आणि समाधानाने पत्नीला दाखवला. "पाकीट आणि मोबाइल तुम्ही एकाच पिशवीत ठेवता ना?" एवढेच तिने विचारले. त्या कागदाची दुसरी प्रत आता तिच्याकडे आहे.

आपला,
एक वाचक