बाहू, बापाक! – पालेंबांगच्या एका नावाड्यास

नावाडीदादा,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मुसी नदीच्या काठी, कुतो बेसाक किल्ल्यासमोरच्या घाटावर आपण आम्हाला भेटलात त्याला आता तीन आठवडे होऊन गेले. तरी अण्णांच्या बोलण्यात रोज एकदा तरी आपला विषय निघतोच. आपले नाव विचारायचे राहून गेले, याची चुटपुट मनाला लागून आहे. आभार मला मराठीतच धड मानता येतात, म्हणून हे पत्र मराठीत.

अण्णा, म्हणजे माझे वडील, 78 वर्षांचे. कुडाळजवळच्या एका शाळेत त्यांनी हयातभर संस्कृत शिकवले. इंडोनेशियाला जाणारी आमच्याकडची माणसे बालीला जातात, फार तर बोरोबुदुरला. यांना मात्र पालेंबांगच पाहायचे होते. कारण इत्सिंग हा चिनी भिक्षू नालंदेला जाण्यापूर्वी, इ.स. 671 मध्ये, श्रीविजय या प्राचीन राज्याच्या या राजधानीत सहा महिने मुक्काम करून संस्कृत व्याकरण शिकला होता. ‘व्याकरण शिकायला माणसे जिथे नावेतून उतरत, ती नदी मला बघायची आहे,’ हा हट्ट त्यांनी गुडघे शाबूत होते तेव्हापासून धरलेला, आणि तो पुरा करायला मला सवड मिळाली ती दोन्ही गुडघे कामातून गेल्यावर.

ज्या प्रवास संयोजकाला आम्ही सगळे पैसे आगाऊ मोजले, त्याच्या पत्रकावर ‘ज्येष्ठांची विशेष काळजी’ हे शब्द ठळक अक्षरांत होते. प्रत्यक्षात पालेंबांगला ना गाडी आली, ना वाटाड्या, आणि फोनवर उत्तर मिळाले ते ‘जरा अ‍ॅडजस्ट करा, मॅडम’ एवढेच. त्याचेही मला फारसे वाटले नाही. वाटले ते वाटेतल्या एका विमानतळावर दोघांनी अण्णांना काखेत हात घालून पोत्यासारखे उचलले आणि त्यांच्या डोक्यावरून मला विचारले, ‘यांना काही समजते का?’ त्याचे. पाणिनीची सूत्रे मुखोद्गत असलेला माणूस त्यानंतर हॉटेलवर पोहोचेपर्यंत एक शब्द बोलला नाही.

म्हणून त्या दुपारी घाटावर मी आधीच धास्तावलेली होते. ओहोटीमुळे मुसीचे पाणी उतरले होते, शेवटची पायरी शेवाळलेली होती आणि पायरी व नाव यांच्यात चांगले हातभर अंतर पडले होते. अण्णांची काठी पाहूनच एका नाववाल्याने हात हलवून नकार दिला. त्याला मी दोष देत नाही, भीती कोणालाही वाटेल. मग आपण पुढे आलात. चपला काढून पोटरीभर पाण्यात उतरलात, अण्णांकडे पाठ केलीत, स्वतःच्या खांद्यावर दोनदा थाप मारलीत आणि म्हणालात, ‘बाहू, बापाक, बाहू.’ (बापाक म्हणजे बाबा.) आणि एवढे सांगून झाल्यावर आपण मान वळवून आंपेरा पुलाकडे पाहत उभे राहिलात.

ते मान वळवणे मी विसरू शकत नाही. अण्णांना किती वेळ लागला, पाय किती थरथरला, तोल जाताना तोंडून काय निघाले, यातले काहीही आपण पाहिले नाही, किंवा पाहिले नाही असे त्यांना वाटू दिले. अण्णांनी आपल्या खांद्यावर हात ठेवला आणि ते स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या पायांनी नावेत चढले. कोपराला धरलेला माझा हातसुद्धा झिडकारणारे हे गृहस्थ!

आणि बसल्या बसल्या त्यांचा चेहरा उजळला. ‘अगं, हा बाहू म्हणाला! संस्कृतातला बाहू यांच्याकडे खांदा झाला बघ.’ मग इंजिनाच्या तेक-तेक आवाजात (आपल्या नावेला केतेक हे नाव त्या आवाजावरूनच पडले म्हणतात) त्यांनी मला ‘बाहुः, बाहू, बाहवः’ चालवून दाखवले. ‘बाहू हे द्विवचन. याने एकच दिला, पण पुरला,’ असे म्हणून ते स्वतःच हसले. शिवाय आमच्या भाषेत खांदा देणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी सांगितले नसणार, तेव्हा अण्णांचा पुढचा विनोद, ‘चला, जिवंतपणीच खांदा मिळाला,’ आपल्याला कळला नाही. तरी आमच्याबरोबर आपणही मनापासून हसलात.

नंतर काय काय पाहिले, ते सगळे सांगत बसत नाही. तरंगती घरे, त्यांच्या दारातच चाललेली धुणी, नऊ मजली पॅगोडाचे केमारो बेट. 1965 मध्ये खुला झालेल्या आंपेरा पुलाचा मधला भाग पूर्वी मोठ्या जहाजांसाठी वर उचलला जाई, हे आपण दोन्ही तळहात उचलून दाखवले होते. पुलाखालून जाताना अण्णांना केदुकान बुकितचा सातव्या शतकातला शिलालेख आठवला. मूळ दगड जाकार्ताच्या संग्रहालयात आहे, पण त्यातला वैशाख शुद्ध एकादशीला नावेत चढून सिद्धयात्रेस निघालेला राजा अण्णांना पाठ आहे. ‘त्यालाही कोणीतरी असाच हात दिला असेल,’ असे ते म्हणाले.

परतल्यावर आपण आम्हाला ज्या बाईंच्या गाडीवर नेलेत, त्यांनाही माझा नमस्कार सांगावा. पेंपेक या तुमच्याकडच्या तळलेल्या पदार्थात कोणता मासा, असे विचारल्यावर त्यांनी ‘तेंगिरी’ म्हणत फोनवर चित्र दाखवले, ती आमची सुरमई निघाली, आणि मालवणी मुलखातल्या दोन माणसांना परमुलखात सोयरे भेटल्यासारखे झाले. सुरमईचा कीस साबुदाण्यासारख्याच सागोच्या पिठात मळून, आत अख्खे अंडे भरून तळतात आणि त्याला पाणबुडी, म्हणजे ‘कापाल सेलाम’, म्हणतात, हे कुडाळात कोणाला सांगितले तर खरे वाटणार नाही. पण अण्णा जिंकले गेले ते सोबतच्या पातळ चटणीने, चुकोने: काळा गूळ, चिंच, लसूण आणि डोळ्यांत पाणी आणणारी मिरची. आपण वाटी तोंडाला लावून चुको प्यायलात, तसेच अण्णाही प्यायले, आणि पथ्याची आठवण करून द्यायचे मी मुद्दाम टाळले.

मदत करणारी माणसे आम्हाला यापूर्वीही भेटली आहेत, पण त्यांतले बरेचजण ज्याला मदत करतात त्याला आधी लहान करून घेतात. आवाज चढवून बोलतात, हात न विचारता धरतात, आणि उपकार किती झाले ते चेहऱ्यावर मोजत राहतात. भलेपणाचा हा दुसरा प्रकार, ज्यात देणारा नजर फिरवून उभा राहतो, मला आजवर माझ्या आजीत दिसला होता आणि आता आपल्यात. त्यासाठी पत्रक छापावे लागत नाही.

संयोजकाचा ‘अभिप्राय कळवा’ असा निरोप परवा आला, तो मी तसाच ठेवला आहे. अण्णा मात्र हल्ली आरामखुर्चीतून उठताना माझ्या मुलाला हाक मारतात, ‘बाहू!’ आणि तोही पाठ करून उभा राहतो व खिडकीबाहेर बघतो.

आपली ऋणी,
अण्णांची मुलगी