नामांकन, पात्रता यादी आणि अर्धा किलो कुंदा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

परवा तुमच्या पेपरात आतल्या पानावर ठळक टायपात आलं, ‘होमबाउंड’ला ऑस्करचं नामांकन. खरं हा हिंदी सिनेमा भारतानं ऑस्करला नुसता पाठवलाय, नामांकनं अजून जाहीरच झालेली नाहीत. सकाळी साडेनऊला मी दुकानाचं शटर वर करतोय तोवर मास्तर पेपर घेऊन हजर, म्हणे बघ, म्हटलं होतं की नाही, काढ वही. आता ही वही काय प्रकार आहे ते सांगितल्याशिवाय माझी तक्रार तुम्हाला कळायची नाही, म्हणून जरा मागनं सुरू करतो. पत्र लांबलं तर कापा, खरं मधलं कापू नका.

माझं बेळगावात शहापूरला झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. मशीन तापली की पाच-दहा मिनिटं बंद ठेवावी लागते आणि तेवढ्यात सिनेमाचा विषय निघतो. चार कायमची गिऱ्हाईकं म्हणजे रिटायर्ड मास्तर, कन्नड मीडियमला शिकलेला माझा भाचा, सोसायटीत कारकून असलेल्या वरच्या गल्लीतल्या वहिनी आणि मी. पुरस्कारांचा सीझन आला की दोनशे पानी वहीत प्रत्येकानं आपापली भाकितं लिहायची, कोण नामांकनात येणार, कोण बाहेर राहणार, खाली सही करायची, नंतर खाडाखोड चालत नाही. हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याला अर्धा किलो कुंदा, आमची बेळगावची मिठाई, द्यायचा. निकाल द्यायचं काम माझ्याकडं कारण दुकान माझं, आणि निकालाचा आधार काय तर तुमचा पेपर. इथंच घोळ झाला.

२०२३ चा जानेवारी आठवा. कांताराची हवा अजून ओसरली नव्हती, आमच्याकडं तो मूळ कन्नडमधनंच बघितला लोकांनी, मराठी बोलणाऱ्यांनीपण, शेवटची वीस मिनिटं कुणी खुर्चीत नीट बसलं नाही. भाच्यानं वहीत लिहिलं, कांतारा ऑस्करच्या नामांकनात येणार. मास्तर ‘मी वसंतराव’वर अडलेले. वसंतराव देशपांड्यांवरचा सिनेमा, नातू राहुल देशपांड्यांनीच काम केलंय आणि गायलंयपण, याच्यापुढं तुमचं काय वो, असं त्यांचं म्हणणं. मग जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बातमी आली की ऑस्करच्या यादीत कांतारा आहे, विक्रांत रोणा आहे, आरआरआर आहे आणि मी वसंतरावसुद्धा आहे. पेपरात शब्द छापला होता नामांकन. मी पेपर वाचून निकाल दिला, दोघंपण जिंकले, आणि दोघं जिंकले म्हणजे हरला कोण तर मी, कारण मी दोघांच्या विरुद्ध सही केली होती. एक किलो कुंदा आणला स्वतःच्या पैशानं. भाच्यानं तिथंच उभ्या उभ्या अर्धा संपवला.

पंधरा दिवसांनी, २४ जानेवारीला, संध्याकाळी सात वाजता खरी नामांकनं जाहीर झाली. तिकडं लॉस एंजेलिसला पहाटेचे साडेपाच असतात तेव्हा आपल्याकडं संध्याकाळचे सात, दुकान बंद करायच्या आधीची वेळ, म्हणून सगळे मोबाईलभोवती जमलो. नाटू नाटू आलं, द एलिफंट व्हिस्परर्स आली, ऑल दॅट ब्रीद्स आली. कांतारा नाही, वसंतराव नाही. भाचा म्हणतो, मामा, अजून वाचूलालेत, थांब की. थांबलो. वाचून संपलं. कुंदा तर कधीच पोटात गेला होता, आता मागायचा कुणाकडं?

तेव्हा वहिनींनी सगळं फोडून सांगितलं. ती जी यादी होती ती ३०१ सिनेमांची होती, आणि ती नुसती पात्रता यादी. अमेरिकेतल्या ठरवून दिलेल्या शहरांपैकी एका ठिकाणी सलग सात दिवस थिएटरात सिनेमा लावला, वेळेत फॉर्म आणि कागदपत्रं दिली की नाव त्या यादीत येतं. म्हणजे हॉल तिकीट मिळालं एवढंच, पास झाला असं नाही. त्यातनं ऑस्कर देणाऱ्या अकादमीचे नऊ हजारांवर मेंबर मतं देतात, नटांना नट, एडिटरना एडिटर असं आपापल्या शाखेला, बेस्ट पिक्चरला मात्र सगळेच. मग जे वर येतात ते नामांकन. आणि आपल्याकडं फिल्म फेडरेशन दर वर्षी जो एक सिनेमा निवडून पाठवते तो तिसराच प्रकार, त्याला म्हणायचं भारताची अधिकृत प्रवेशिका. प्रत्येक देशानं एक पाठवायचा, त्यातनं डिसेंबरात १५ ची शॉर्टलिस्ट निघते आणि जानेवारीत त्यातले ५ नामांकनात जातात.

आता मास्तरांची बाजू पण सांगतो, नाहीतर ते म्हणतील पत्रात एकतर्फी लिहिलास. त्यांचं म्हणणं, श्वास गेला होता की ऑस्करला! गेला होता, २००४ साली, भारताकडनं गेला होता. नंतर हरिश्चंद्राची फॅक्टरी गेला, मग २०१५ ला कोर्ट गेला. तिन्ही मराठी, तिन्हीचा अभिमान मलापण आहे, खरं शेवटच्या पाचात तिन्हीपैकी एकही नाही. भारताकडनं पाठवलेल्यांपैकी आजवर पाचात पोचलेत तीनच, मदर इंडिया, सलाम बॉम्बे आणि लगान. एवढी वर्षं पाठवूलालेत आणि तीन. हा आकडा वहिनी भिंतीवर लिहून ठेवा म्हणाल्या होत्या, मी मशीनच्या झाकणाला आतनं चिकटवलाय.

२०२४ ला तर अजून मजा. फेडरेशननं लापता लेडीज पाठवला, तुम्ही छापलं नामांकन, दुकानात परत पेढे. शॉर्टलिस्ट आली तर त्यात लापता लेडीज नाही, खरं संतोष नावाचा हिंदी सिनेमा आहे, आणि तो पाठवलेला कुणी तर इंग्लंडनं! मास्तर अर्धा तास बोललेच नाहीत. आणि फ्रान्समधल्या कान महोत्सवात त्याच वर्षी ग्रां प्री हे मोठं बक्षीस मिळवलेला ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट आपण पाठवलाच नव्हता, यावरनं भाच्यात आणि वहिनींत जे जुंपलं ते एका गिऱ्हाइकाचं आधार कार्ड मशीनमध्ये अडकलं तरी थांबलं नाही. छाया कदम लापता लेडीज आणि ऑल वी इमॅजिन, दोन्हीत होत्या हे मात्र सगळ्यांनी एका सुरात मान्य केलं, त्या दिवसातली तेवढीच एक गोष्ट.

ऑस्कर तिकडचं लांबचं झालं, समजा भाषांतरात चूक झाली म्हणू. खरं आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांचं काय? दर वर्षी कुठल्यातरी सिनेमाच्या पोस्टरवर असतं, राष्ट्रीय पुरस्कारासाठी नामांकित, आणि बातमीत पण तसंच उतरतं. राष्ट्रीय पुरस्कारात नामांकनं जाहीर करायची पद्धतच नाही हो! आधी विभागवार ज्युरी बघते, त्यातनं मध्यवर्ती ज्युरी बघते आणि एकदम निकाल. आम्ही तर वहीत त्याचं पान वेगळंच ठेवलंय, नामांकन असा रकाना नसलेलं.

आणि त्या पुरस्कारात वर्ष मोजायचं ते सेन्सॉर सर्टिफिकेटच्या तारखेवर, थिएटरात कधी आला त्यावर नाही. हे कळायला आम्हाला चार वर्षं लागली. मी वसंतरावच घ्या. राहुल देशपांड्यांना गायनाचा राष्ट्रीय पुरस्कार २०२० च्या सिनेमांत मिळाला आणि सिनेमा थिएटरात आला २०२२ च्या एप्रिलमध्ये. गोष्ट एका पैठणीची हा त्याच वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी सिनेमा, पुरस्कार जाहीर झाला जुलैत आणि पिक्चर लागला डिसेंबरात. आता सांगा, जो पिक्चर कुणी बघितलाच नाही त्याचं भाकीत आम्ही करायचं कसं, पत्रिका बघून? मास्तर म्हणाले त्यापेक्षा पोपट घेऊन कपिलेश्वरच्या देवळाबाहेर बसू.

तरी त्यातपण सुख असतं. १६ ऑगस्ट २०२४ ला निकाल आले तेव्हा सर्वोत्कृष्ट अभिनेता रिषभ शेट्टी कांतारासाठी, आणि मराठीत वाळवी. भाचा आणि मास्तर, दोघंपण खूश, असा दिवस आमच्या दुकानात एकदाच आला असेल. इथं मराठी-कन्नड म्हटलं की लगेच आवाज चढतात हे तुम्हाला मी काय सांगू, तुमचं पहिलं पान त्यावरच चालतं, खरं सिनेमाच्या वहीत तसं होत नाही. मास्तर स्वतः सांगतात की पूर्वी घटश्राद्ध बघायला सायकलवरनं गेलो होतो आणि कळलं सगळं, भाषा अर्धीच कळली तरी. अतुल कुलकर्णींचा जन्म बेळगावचा, हे राम आणि चांदनी बार असे दोन राष्ट्रीय पुरस्कार, आणि सुलोचनादीदी तर आपल्या खडकलाटच्या, ही दोन नावं मास्तर कुठल्याही वादात शेवटी काढतात आणि मग कुणाला काही बोलता येत नाही. वादाचा आणि नावांचा संबंध असो की नसो.

२०२५ च्या १ ऑगस्टला ७१ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत मात्र मास्तर एकटेच जिंकले. सर्वोत्कृष्ट मराठी सिनेमा श्यामची आई. १९५४ ला पहिल्यांदा राष्ट्रपतींचं सुवर्णपदक दिलं तेव्हापण आचार्य अत्र्यांची श्यामची आईच होती, आणि आता परत त्याच नावाचा नवा सिनेमा. मास्तरांनी नाव कसं ओळखलं विचारलं तर म्हणे आईवर बेट लावलं तर माणूस हरत नाही. नाळ २ आणि आत्मपॅम्फलेट मी लिहिले होते, त्यांनापण पुरस्कार आले, खरं माझे रकाने चुकले, कुठल्या गटात ते चुकीचं लिहिलं होतं. वहिनींनी मार्क दिले नाहीत.

वहिनींचा नियम मला पटलाय. त्या म्हणतात आवडलेला पिक्चर एका रकान्यात लिहा आणि येणारा दुसऱ्या रकान्यात, दोन्ही एकच असले तर तुम्ही भाकीत करत नाही, नवस बोलताय. आता तिसरा रकाना पण आलाय, बघितलाय का. अकादमीनं या वेळेपासनं नियमच केला ना, शेवटच्या मतदानात ज्या गटाला मत द्यायचं त्यातले सगळे सिनेमे बघितलेले पाहिजेत. तो नियम दुकानात लावला तर पहिल्याच दिवशी तिघं बाद. कारण मराठी पिक्चर आमच्याकडं येतो तोच मुळात उशिरा, आला तर दुपारचा एक शो, दुसऱ्या शुक्रवारी गायब. पोस्टर बघून ठरवेपर्यंत निघून जातो. कोल्हापूरला जाऊन बघायचं तर शंभर किलोमीटरच्या वर, एसटीचं तिकीट पिक्चरच्या तिकिटाएवढं. मग मोबाईलवर कधी येतोय बघत बसायचं. थिएटरवाल्यांचं गणित असेल काहीतरी, मला त्यातलं कळत नाही, खरं रिकाम्या खुर्च्यांचं कारण वेळ पण असू शकते, दुपारी साडेबाराला कामधंदेवाला माणूस कुठनं येणार.

तर माझी मागणी एवढीच आहे. प्रवेशिका असेल तर प्रवेशिका छापा, पात्रता यादी असेल तर पात्रता यादी, आणि नामांकन हा शब्द जिथं नामांकन आहे तिथंच वापरा, महाराष्ट्र शासनाचे पुरस्कार आहेत, फिल्मफेअर आहे, तिथं खरंच नामांकनं जाहीर होतात, तिथं खुशाल वापरा. आणि जमलं तर नामांकनाच्या बातमीखाली एक ओळ टाका, यातला कुठला सिनेमा सध्या बेळगाव, निपाणी, खानापुरात लागलाय. नसेल लागला तर तसं छापा.

होमबाउंडबद्दल परवा मी मास्तरांना निकाल दिलेला नाही, वहीत नोंद केलीय फक्त. त्यांचं भाकीत, पाचात. भाच्याचं, पंधरातपण नाही. माझं आणि वहिनींचं एकच आलंय, पंधरात हो, पाचात नाही, जरी आवडलेल्याच्या रकान्यात आम्ही दोघांनी पाच स्टार दिलेत. नामांकनं २२ जानेवारी २०२६ ला, त्या दिवशी गुरुवार आहे, संध्याकाळी सातला दुकान उघडं असेल. २०२३ चा एक किलो कुंदा मी तुमच्याकडं मागत नाही, तेव्हाची पावती मी ठेवलेली नाही, पण या वेळी २३ च्या अंकात पहिल्यांदा बरोबर छापलंत तर मास्तरांच्या अर्ध्या किलोतला थोडा ऑफिसला पाठवून देईन.

आपला रोजचा वाचक,
झेरॉक्सवाला, शहापूर, बेळगाव