कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकारी मॅडमचे जाहीर आभार

आदरणीय मॅडम,

तुमचं नाव लिहीत नाही. सरकारी नोकरीत असं जाहीर कौतुक कधी कधी अंगाशी येतं. पण वाचलंत की तुम्हाला कळेलच.

मी माहेरी राहायला आले आणि नवऱ्याचं मागे मागे फिरणं सुरू झालं. सकाळी एसटी स्टँडवर, दुपारी शाळेच्या फाटकासमोर. हात लावायचा नाही, शिवी द्यायचा नाही, नुसता मोटारसायकलला टेकून बघत उभा. रात्री नवनव्या नंबरांवरून मिस कॉल. पोलीस ठाण्यात गेले तर "नवराच आहे ना ताई, घरातलं घरात मिटवा," असं म्हणून एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहून माझी बोळवण केली.

तुम्ही मात्र कौटुंबिक घटना अहवालाचा फॉर्म पुढे ओढलात आणि विचारलंत, "नेमका कुठे उभा राहतो?" झेरॉक्सच्या दुकानाशेजारी, म्हटल्यावर तेही लिहिलंत. दुकानदार बघतो का, शिपाईमामा बघतात का, सगळं. मला वाटलं, एवढं खोदून कशाला? कोर्टात संरक्षण आदेशासाठी अर्ज गेल्यावर उलगडा झाला. "त्रास देऊ नये" अशी मोघम मागणी तुम्ही ठेवलीच नव्हती. शाळेच्या आवारात यायचं नाही, फोन-मेसेज-चिठ्ठी काही नाही, सासूबाईंकरवी निरोपही नाही. अंतरिम आदेशात हे सगळं जसंच्या तसं उतरलं.

आणि ते गणित! पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा आहे, 2013 साली दंडविधानात 354-ड म्हणून आला, आता न्याय संहितेचं 78 वं कलम. 3 वर्षांपर्यंत शिक्षा, पण पहिल्या वेळी जामीनपात्र. म्हणजे संध्याकाळी तो पुन्हा मोकळा. याउलट 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातला संरक्षण आदेश मोडला तर कलम 31 खाली शिक्षा जास्तीत जास्त 1 वर्ष, नाहीतर 20,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दिसायला किरकोळ. पण पहिल्याच वेळी दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र (जामीन ठाण्यात नाही, कोर्टाने दिला तरच), शिवाय एकट्या बाईच्या साक्षीवरही कोर्ट गुन्हा मानू शकतं. "शिक्षेचा आकडा बघू नका, जामीन बघा," असं तुम्ही म्हणालात. आधीच्या वकिलांनी यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. (अर्ज 60 दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा, असंही कायद्यात आहे, हे मी मोठ्या उत्साहाने वाचून दाखवलं तेव्हा तुम्हाला हसू आवरलं नाही. आता कारण कळतंय.)

आदेशाची प्रत कोर्टाकडून पोलीस ठाण्याला जाते, फुकट जाते. पण तुम्ही टपालावर विसंबला नाहीत. मला स्वतः प्रत घेऊन पाठवलंत आणि माझ्या प्रतीवर पोच घ्यायला लावलीत. गोल शिक्का, तारीख, सही.

तो पुन्हा फाटकाशी आला, तेव्हा अंमलदारांनी सवयीने एनसीचंच रजिस्टर उघडलं. मी त्यांच्याच ठाण्याचा शिक्का असलेला कागद समोर ठेवला आणि तुम्हाला फोन लावून दिला. तुम्ही काय बोललात ते मला ऐकू आलं नाही. अंमलदार दोनदा "हो मॅडम" म्हणाले आणि एफआयआर लिहायला बसले. त्याच रात्री त्याला उचललं. पुढे कोर्टातून जामीन झाला, खटला चालू आहे, तारखा पडतायत. पण झेरॉक्सच्या दुकानाशेजारी तो त्यानंतर दिसलेला नाही, आणि पोरांच्या वह्या तपासताना माझी नजर खिडकीकडे जात नाही.

तुमची बदली झाल्याचं ऑफिसात कळलं. पेढे घेऊन आले होते, ते तुमच्या शिपायांना दिले. नव्या मॅडमकडे दोन तालुके आहेत, टेबलावर फायलींचा ढीग आहे, तरी माणूस बरं वाटलं. आमच्या शाळेतल्या मावशींची मुलगी अशाच अडचणीत आहे, तिला त्यांच्याकडे धाडलंय. आदेश हाती आला की आधी ठाण्याची पोच घे, बाकीचं नंतर, असं बजावूनच.

आपली कृतज्ञ,
एक अर्जदार शिक्षिका