वाळवंटातल्या मोटारी आणि आमच्या रस्त्यावरचं पाणी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत वाळवंटातल्या सुरुवातीच्या मोटारसहलींवरचा लेख वाचला. फोटो सुंदर आहेत, पण पाण्याबद्दल लेखात एक ओळही नाही, म्हणून हे पत्र लिहितो. मी चिमूर तालुक्यातला जुना मेकॅनिक. जीपपासून आताच्या सफारीच्या जिप्सीपर्यंत किती रेडिएटर (इंजिनचं पाणी गार करणाऱ्या जाळीच्या टाक्या) उघडले त्याची मोजदाद नाही. त्या काळची मोटार वाळवंट पार करायची ती पाण्याच्या हिशेबावर, हे सांगितल्याशिवाय ती गोष्ट पुरी होत नाही.

१९२३ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूझीलंडच्या नेर्न बंधूंनी दमास्कस ते बगदाद मोटारसेवा सुरू केली. सुमारे ८०० किलोमीटरची वाट, बहुतेक ओसाड. ब्यूक आणि कॅडिलॅक गाड्या टपाल आणि उतारू घेऊन धावत. एवढ्या वाटेत मोठा आधार इराकच्या वाळवंटातल्या रुत्बाच्या विहिरींचा. विश्रांतीचा मुक्काम पुढे तिथेच झाला, कारण पाणी तिथे होतं.

मला सगळ्यात जास्त भावतो तो बॅग्नोल्ड. हा इंग्रज लष्करी अधिकारी कैरोला नोकरीला होता आणि सुटी मिळाली की मित्रांना घेऊन फोर्डच्या मॉडेल टी गाड्या वाळवंटात घालायचा. त्या गाडीला पाण्याचा पंप नसे. गरम पाणी वर चढायचं, गार खाली उतरायचं, तेवढ्यावरच इंजिन थंड राहायचं. वारा पाठीमागून आला की रेडिएटर उकळलाच म्हणून समजा. यावर त्याने उपाय केला तो असा : रेडिएटरमधून वाफ बाहेर पडण्याची वाट बंद केली, तिथून एक नळी काढली आणि पायरीवर बसवलेल्या पाण्याच्या डब्यात सोडली. वाफ त्या डब्यात जाऊन पुन्हा पाणी व्हायची. डबाही उकळायला लागला की गाडीचं तोंड वाऱ्याकडे करून थांबायचं. इंजिन थोडं निवलं की आत पोकळी तयार होते आणि डब्यातलं पाणी आपोआप रेडिएटरमध्ये परत ओढलं जातं. वाफेवाटे जाणारं पाणी असं वाचलं की ते प्यायला उरायचं. गॅरेजमध्ये शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला मी हे कागदावर काढून दाखवतो.

अमेरिकेतल्या वाळवंटात मोटारीच्या पुढे कॅनव्हासची पिशवी टांगलेली असे. ती म्हणजे आपली छागलच. कापडातून पाणी पाझरतं, वाऱ्याने ते उडून जातं आणि आतलं गार होतं. आमच्याकडेही ट्रकला आणि जीपला ती लटकलेली असायची. प्लॅस्टिकची बाटली आली आणि छागल गेली, याचं मला खरंच वाईट वाटतं. मे महिन्यात डॅशबोर्डवरच्या बाटलीतलं पाणी घशाखाली उतरत नाही.

अमेरिकेतल्याच डेथ व्हॅली या वाळवंटी खोऱ्यात १० जुलै १९१३ ला ५६.७ अंश तापमान नोंदलं गेलं. सहलीच्या मोटारींसाठी तिथे १९२६ मध्ये टोलचा रस्ता झाला, १९२७ मध्ये फर्नेस क्रीकचं हॉटेल उघडलं. पण पाहुण्यांचा हंगाम हिवाळ्याचा, उन्हाळ्यात हॉटेल बंद. त्या लोकांनी उन्हाचा मान राखला.

आमच्याकडे हंगाम नेमका उलटा. ताडोबात वाघ पाणवठ्यावर हमखास दिसतो तो एप्रिल-मेमध्ये, आणि पाहुणेही तेव्हाच येतात. पारा ४५ च्या वर, पुढे नवतपा म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, आणि वरून उघडी जिप्सी. वाघासाठी पाणवठे भरले जातात, ते भरलेच पाहिजेत. पण पाहुण्यांची वाट पाहत गेटबाहेर दुपट्टा डोक्याला बांधून उभे असलेले ड्रायव्हर आणि गाईड आमच्याच गावची पोरं आहेत. त्यांना सावली आणि गार पाणी कोण देणार? भर उन्हात गाडी बंद पडलेली कुटुंबं माझ्याकडे येतात तेव्हा लेकरांचे ओठ सुकलेले असतात. बॉनेटमधून वाफ निघत असते आणि माणूस उकळत्या रेडिएटरचं झाकण फिरवायला जातो. कृपा करून कोणी असं करू नका, हात आणि तोंड दोन्ही भाजतं. इंजिन बंद करा, गाडी पूर्ण निवू द्या.

माझी मागणी साधी आहे. सफारीच्या प्रत्येक गेटवर आणि तिकडे जाणाऱ्या प्रत्येक फाट्यावर मार्चपासून पाऊस पडेपर्यंत छपराखाली रांजणांची प्याऊ, म्हणजे पाणपोई, हवी. खर्च रिसॉर्टवाल्यांनी उचलावा, देखरेख ग्रामपंचायतीने करावी आणि पाणी भरण्याचं काम मजुरी देऊन गावच्या बचत गटाकडे द्यावं. आपल्या वृत्तपत्राने हा विषय मार्चच्या आधी लावून धरावा. एखादी ग्रामपंचायत तयार झाली तर पहिल्या दोन प्याऊंचं लोखंडी छप्पर आणि रांजणांचे स्टँड मी माझ्या गॅरेजमध्ये वेल्डिंग करून देईन. पत्रे आणि अँगलही माझेच.

आपला,
एक मोटार मेकॅनिक,
ता. चिमूर, जि. चंद्रपूर