मोतमाऊलीच्या आठवणी जपण्यासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार,

वांद्र्याच्या गावठाणांत आणि कोळीवाड्यांत राहणारे आम्ही काही जण टेकडीवरच्या माउंट मेरी बॅसिलिकेविषयीची, म्हणजेच आपल्या मोतमाऊलीविषयीची, घराघरांत विखुरलेली जुनी छायाचित्रे, कागदपत्रे आणि तोंडी आठवणी एकत्र करण्याचे काम करीत आहोत. हे काम आजवर सभासदांच्या वर्गणीवर आणि रविवारच्या मोकळ्या वेळेवर चालले. परंतु सांगण्यासारखे ज्यांच्याजवळ सर्वांत जास्त आहे, ती माणसे आता ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत, आणि आमच्या सध्याच्या वेगाने त्या सर्वांपर्यंत वेळेवर पोहोचणे होणार नाही. म्हणून आज आम्ही मुंबईतील आणि मुंबईबाहेरील सर्व मराठी बंधुभगिनींकडे मदतीची विनंती करीत आहोत.

टेकडीवर आज दिसणारी दगडी वास्तू फार जुनी नाही. पारशी वास्तुविशारद शापूरजी चांदाभॉय यांच्या आराखड्यानुसार ती १९०४ साली उभी राहिली आणि १९५४ साली पोप बारावे पायस यांनी तिला बॅसिलिकेचा, म्हणजे विशेष मानाच्या चर्चचा, दर्जा दिला. परंतु लोक ज्या मूर्तीच्या दर्शनासाठी चढण चढून येतात, तिचा इतिहास सोळाव्या शतकापर्यंत मागे जातो. पोर्तुगालहून आलेल्या जेझुइट (येशूसंघ या कॅथलिक धर्मसंघाच्या) धर्मगुरूंनी ही मूर्ती या टेकडीवर आणली आणि तिच्यासाठी लहानसे प्रार्थनामंदिर बांधले. पुढे १७०० साली समुद्रमार्गे आलेल्या अरब लुटारूंनी मूर्तीच्या हातातील सोनेरी मुलाम्याच्या वस्तूच्या लोभाने तिचा उजवा हात तोडला. लूट चालू असताना मधमाश्यांचे मोहोळ उठले आणि लुटारूंना पळता भुई थोडी झाली, अशी कथा आमच्याकडे आजही सांगितली जाते.

त्यानंतरचा काळ वांद्र्यासाठी धामधुमीचा होता. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३९ साली वसई पडली, साष्टीवरील पोर्तुगीज सत्ता संपली, आणि टेकडीच्या टोकाशी असलेला वांद्र्याचा किल्ला मराठ्यांच्या हाती लागू नये म्हणून इंग्रजांच्या सल्ल्याने निकामी करण्यात आला. टेकडीवरचे चर्च १७६० च्या सुमारास पुन्हा बांधले गेले, तेव्हा हात तुटलेल्या मूर्तीच्या जागी दर्यावर्दी लोकांची माता म्हणून ओळखली जाणारी दुसरी मूर्ती ठेवण्यात आली. एका कोळ्याला समुद्रात मूर्ती सापडेल असे स्वप्न पडले आणि ती खरोखरच पाण्यावर तरंगताना मिळाली, ही प्रसिद्ध कथा या दुसऱ्या मूर्तीची आहे. पुढे मूळ मूर्तीची दुरुस्ती होऊन ती सन्मानाने पुन्हा मुख्य वेदीवर आली, आणि समुद्रातून आलेली माऊली पायथ्याजवळच्या सेंट अँड्र्यू चर्चमध्ये गेली. अनेक भाविक या दोन मूर्तींच्या कथा एकच समजून सांगतात. त्यात त्यांचा दोष नाही, कारण मराठीत हा सारा वृत्तांत सलगपणे वाचायला मिळणे अवघड आहे.

धर्मशास्त्राच्या काटेकोर भाषेत ही मूर्ती म्हणजे अवशेष नव्हे. संताच्या देहाचा किंवा त्याने वापरलेल्या वस्तूचा भाग तो अवशेष, आणि मूर्ती ती मूर्ती. तरीही जी मूर्ती घाव सोसून, वेदीवरून उतरून, पुन्हा वेदीवर आली, तिच्याकडे लोक अवशेषाच्याच भावनेने पाहतात, हे जत्रेच्या रांगेत एकदा उभे राहिलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. जुन्या गोव्यात बॉम जीझस बॅसिलिकेत असलेल्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्या देहाचा इतिहास तारीखवार लिहिलेला आहे. १५५२ मधील मृत्यू, १५५४ मध्ये गोव्यात झालेले आगमन, १६१४ मध्ये उजव्या हाताचा भाग रोमला पाठवला जाणे, या सर्व घटनांची नोंद आहे. आमच्या माऊलीचाही उजवाच हात गेला, पण तो कसा गेला आणि त्यानंतर लोकांनी काय केले, याचा मोठा भाग केवळ आजी-आजोबांच्या तोंडी राहिला आहे.

नावाचेच पाहा. ‘मोत’ म्हणजे मोती, म्हणून ही मोत्यांची माऊली, असे काही कोळी कुटुंबे सांगतात. टेकडीला पोर्तुगीज भाषेत ‘मोंत’ म्हणतात, त्याचेच ‘मोत’ झाले, असे अभ्यासकांचे म्हणणे आहे. आम्हांला दुसरे स्पष्टीकरण अधिक पटते, परंतु पहिले पुसून टाकावे असे मुळीच वाटत नाही, कारण परक्या भाषेतील शब्द लोकांनी आपलासा केला आणि त्याला आपल्या समुद्राचा अर्थ दिला, हाही इतिहासच आहे. कोळीगीतांत हे नाव कोणकोणत्या रूपांत येते, ईस्ट इंडियन (मुंबई-वसई परिसरातील मूळच्या मराठीभाषक कॅथलिक) समाजातील आजी ते कसे उच्चारते, वसईहून येणारे भाविक ते कसे म्हणतात, हे ध्वनिमुद्रित करून ठेवण्याची आमची फार इच्छा आहे.

माऊलीचा आधार कधीच एका धर्माच्या लोकांपुरता नव्हता. माहीमची खाडी होडीने ओलांडून यावे लागे, त्या काळी भरतीच्या वेळी यात्रेकरूंचे हाल होत. १८४० च्या दशकात तेथे पूल-रस्ता झाला, तो पारशी समाजातील लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी दिलेल्या सुमारे १,५७,००० रुपयांच्या देणगीतून. टेकडीवर चढणाऱ्या जुन्या पायऱ्यांनाही बमनजी या पारशी दात्याचे नाव आहे. ८ सप्टेंबरच्या मारियाजन्माच्या सणानंतर येणाऱ्या रविवारपासून आठवडाभर भरणाऱ्या जत्रेत नवस फेडायला येणाऱ्यांत हिंदू, मुस्लिम, पारशी असे सर्वच असतात. पायथ्याच्या फेरीवाल्यांकडून मेणाचा हात, मेणाचा पाय, मेणाचे घर किंवा मेणाचे बाळ घेऊन लोक ते माऊलीपुढे ठेवतात. जिचा स्वतःचा हात तोडला गेला, तिच्यापुढे आपल्या माणसाच्या बऱ्या न होणाऱ्या हातासाठी मेणाचा हात ठेवणारी आई आम्ही दर वर्षी पाहतो, आणि ती कोणत्या गावाहून, कोणता नवस घेऊन आली, हे विचारून लिहून ठेवायला हवे होते, असे आम्हांला दर वर्षी वाटते. २०२० साली महामारीमुळे जत्रा भरली नाही. त्या सप्टेंबरात घरी बसून वडीलधाऱ्यांशी जे बोलणे झाले, त्यातूनच या कामाला सुरुवात झाली.

आम्हांला सर्वप्रथम हवी आहेत ती छायाचित्रे. लुगडे नेसून जत्रेला निघालेल्या आजीचा, होडीतून किंवा बैलगाडीतून उतरणाऱ्या कुटुंबाचा, जत्रेतील तात्पुरत्या स्टुडिओत पडद्यासमोर काढलेला एखादा फोटो आपल्या पेटीत नक्की असेल. मूळ प्रत आम्ही ठेवून घेणार नाही. तिचे स्कॅनिंग आपल्या डोळ्यांदेखत करून ती त्याच दिवशी परत दिली जाईल, आणि आपल्या लेखी परवानगीशिवाय ती कोठेही प्रसिद्ध होणार नाही. वांद्र्याच्या दमट हवेत व पावसाळ्यात कागद किती लवकर डागाळतो, हे आपण जाणताच, त्यामुळे ‘पुढच्या वर्षी पाहू’ असे कृपया म्हणू नये.

दुसरी गरज जाणकारांची आहे. काही घरांतून मोडी लिपीतील आणि काहींतून पोर्तुगीज भाषेतील जुने दस्त पुढे आले आहेत. त्यांत जमिनीचे व्यवहार आहेत, वर्गण्यांच्या नोंदी आहेत, आणि काय आहे हे अद्याप न उलगडलेले बरेच कागद आहेत. मोडी वाचू शकणारे किंवा पोर्तुगीज जाणणारे कोणी आठवड्यातून दोन तास देऊ शकले, तर ते पैशापेक्षाही मोठे साहाय्य ठरेल. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी मुलाखती घेण्यासाठी पुढे यावे. समोर बसलेल्या व्यक्तीला तिच्या बोलीत, तिच्या गतीने बोलू देण्याची सवय कशी लावायची, हे आम्ही त्यांना शिकवू.

आणि अर्थातच निधी हवा आहे. तो चांगल्या प्रतीचा स्कॅनर, ध्वनिमुद्रणाची साधने, नोंदी दोन वेगवेगळ्या ठिकाणी साठवण्याची सोय, कागद जपण्यासाठीच्या आम्लविरहित पेट्या आणि मुलाखती घेणाऱ्या विद्यार्थ्यांचा प्रवासखर्च एवढ्याच गोष्टींसाठी वापरला जाईल. सभासदांपैकी कोणीही मानधन घेत नाही. शंभर रुपयांच्या देणगीलाही पावती मिळेल आणि वर्षाचा हिशोब खुल्या बैठकीत वाचून दाखवला जाईल. ही देणगी चर्चसाठी किंवा जत्रेच्या व्यवस्थेसाठी नाही, हे येथे स्पष्ट करणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. बॅसिलिकेसाठी दान द्यावयाचे असल्यास ते तेथील दानपेटीतच द्यावे.

यंदाच्या नोव्हेनाच्या, म्हणजे सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या, नऊही दिवशी संध्याकाळच्या मिस्सानंतर (चर्चमधील उपासनेनंतर) आमचे सभासद पायऱ्यांच्या तळाशी टेबल मांडून बसतील. फोटो, कागद किंवा आठवण घेऊन तेथे यावे. ज्यांना चढणे-उतरणे जमत नाही, त्यांनी शेजाऱ्यामार्फत नुसता निरोप पाठवावा, आम्ही त्यांच्या घरी येऊ.

आपले नम्र,
मंडळाचे सर्व सभासद, वांद्रे, मुंबई